निंघना का रे फोटू?

आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा घ्यावा की बिनआरशाचा मिररलेस, हा प्रश्न लग्नाच्या मांडवात अजूनही कोणी ना कोणी पोऱ्या येऊन विचारतोच. नवीन घ्यायचा असेल तर उत्तर कंपन्यांनी कधीच देऊन टाकलंय. निकॉनने २०२० च्या सुरुवातीला डी ७८० आणि डी ६ आणले आणि त्यानंतर त्यांचा एकही नवा डीएसएलआर आलेला नाही, कॅननचंही तेच, नवीन लेन्सा सगळ्या मिररलेससाठी येतायत, एक पेंटॅक्स कंपनी तेवढी आपल्या जागेवर टिकून आहे. म्हणजे दुकानात जाऊन कोरा करकरीत कॅमेरा घ्यायचा तर वाद उरलेलाच नाही. पण माझ्या खांद्यावर आज दोन्ही असतात, डाव्या बाजूला निकॉनचा डीएसएलआर डी ७५०, २०१४ चं मॉडेल, उजव्या बाजूला त्यांचाच मिररलेस झेड सिक्स टू, २०२० चं, आणि या दोघांमध्ये नेमका काय फरक पडला हे मला यूट्यूबवरच्या कुठल्याच तुलनेत नीट सापडलं नाही. कारण त्या सगळ्या तुलना कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या असतात. फोकस किती पॉइंटचा, फ्रेम सेकंदाला किती, वजन किती ग्रॅम. कॅमेऱ्याच्या समोर जो माणूस उभा असतो, ज्याचा फोटो निघतोय, त्याला काय फरक पडला हे कोणी विचारतच नाही, आणि मला तर वाटतं सगळ्यात मोठा फरक तिथेच पडलाय.

मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी करतो. लगीनसराई ओसरली की मग स्वतःसाठी फिरतो, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, होळीला काठी, थंडीत हतनूरच्या जलाशयावरचे चक्रवाक, कधी नुसतंच केळीच्या बागांमधून रावेर-यावलकडे. त्यामुळे माझी कामं अगदी वेगवेगळी आहेत आणि दोन्ही कॅमेरे सगळीकडे घासून निघालेत.

आधी आवाजाचं सांगतो, कारण माझ्या डोक्यात हे सगळं सुरू झालं ते आवाजावरून.

डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो, ४५ अंशात तिरका बसवलेला. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर जातो, वरच्या पेंटाप्रिझम नावाच्या काचेच्या ठोकळ्यात फिरून सरळ होतो आणि आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा फाटकन वर उचलला जातो, पडदा उघडतो, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर उजेड पडतो, पडदा मिटतो, आरसा परत खाली. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि त्याचाच तो आवाज, खटॅक. डी ७५० ला क्वाएट मोड आहे, त्याने आवाज जरा दबतो, पण जात नाही. मिररलेसमध्ये आरसाच नाही, उजेड सरळ सेन्सरवर, आणि सेन्सर जे बघतो तेच आपल्याला आतल्या छोट्या स्क्रीनवर दिसतं. त्यातही पडद्याचं शटर असतं, त्याचा हलका आवाज येतो, पण सायलेंट फोटोग्राफी चालू केली की तोही पडदा हलत नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक, काहीच ऐकू येत नाही. फोटोग्राफरलाही नाही आणि समोरच्यालाही नाही.

आता शहादा तालुक्यातलं एक गाव, लग्नाचं घर, हळदीचा दिवस. नवरदेवाचा थोरला भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, आजीचा एक चांगला फोटो काढून ठेवा, एकटीचा, मोठा करायचाय." आपल्याकडे असं सांगितलं की का मोठा करायचाय ते कोणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आजीलाही माहीत होतं. तिने स्वतःहून चांगलं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला, ओट्यावर बाज टाकायला लावली, त्यावर गोधडी, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून अशी बसली की जणू आता हलायचंच नाही. डोळे थेट लेन्सकडे. ओठ घट्ट. श्वाससुद्धा धरलेला, कारण जुन्या माणसांच्या मनात ते पक्कं बसलंय, हललं की फोटो बिघडतो. मी आत घरात देवाजवळचे विधी टिपून आलो होतो त्यामुळे झेड सिक्स टू सायलेंटवरच होता. मी फोटो काढत गेलो, आजी तशीच बसलेली. चेहरा उतरेना, हात हलेना. शेवटी ओठ फारसे न हलवता तिने विचारलं, "निंघना का रे फोटू?"

आमच्या अहिराणीत निंघना म्हणजे निघाला. मी म्हटलं, "निंघना माय."

"मंग वाजना का नही?" म्हणजे, मग वाजला का नाही?

अंगणातली पोरं हसली, आजी मात्र अजिबात हसली नाही, ती थांबूनच होती. तिच्या दृष्टीने फोटो निघालेलाच नव्हता. मी सायलेंट बंद केलं, शटरवर आलो आणि एक काढला. आवाज झाला आणि तिचे खांदे खाली आले. धरलेला श्वास सुटला, मान थोडी वाकडी झाली, डोळ्यांच्या कडेला सगळ्या सुरकुत्या गोळा झाल्या, आणि त्या क्षणाला मी पुढचा फोटो काढला. घरच्यांनी मोठा करायला निवडला तो हाच, त्या आवाजाच्या नंतरचा.

तेव्हापासून या गोष्टीकडे मी नीट लक्ष द्यायला लागलो, आणि ती सगळीकडे दिसायला लागली. माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा तो एक काम करत असतो, फोटो देण्याचं काम, आणि ते काम संपलं हे त्याला आवाजावरून कळतं. आवाज झाला की तो मोकळा होतो आणि खरा चेहरा त्यानंतर अर्धा सेकंद दिसतो. जुने स्टुडिओवाले हे जाणून होते, ते "झालं!" म्हणायचे आणि मग हळूच अजून एक काढायचे. डीएसएलआरमध्ये हे आपोआप होत होतं, मशीनच सांगत होती. मिररलेसमध्ये गप्प बसून शंभर फोटो काढले तरी समोरचा माणूस त्या शंभरही फोटोंत ताठलेलाच राहतो, कारण त्याला कोणी सोडलंच नाही. म्हणून म्हातारी माणसं, लहान गावातली माणसं, ग्रुप फोटोला उभं राहिलेलं खटलं, यांच्यासाठी मी आजही शटर वाजवतो. डी ७५० चा आवाज या कामाला जास्त चांगला, अंगणाच्या त्या टोकापर्यंत जातो.

पण मग सायलेंट वाईट का? मुळीच नाही. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, रात्रीचं सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरोघरी भाऊबंदकी जमते, रोटांचा वास, आणि रात्री बायका गाणी म्हणायला बसतात. एक बाई उचलते, बाकीच्या धरतात, गाणं असं लाटेसारखं पुढे जातं. डीएसएलआर घेऊन मी अशा खोलीत बसायचो तेव्हा पहिला खटॅक झाला की गाणारीची नजर माझ्याकडे वळायची, पदर सारखा व्हायचा, आवाज थोडा बारीक व्हायचा, आणि नंतरच्या चार ओळी ती देवीसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी म्हणायची. तिचा काही दोष नाही, खोलीत कोणी टाळी वाजवली तर कोणाचंही लक्ष जाईल. आता तिथे मी सायलेंटवर असतो आणि गाणं तुटत नाही. कन्यादानाच्या वेळीही तेच, भटजींचे मंत्र चालू असताना व्हिडिओवाल्याच्या माइकमध्ये माझं शटर जात नाही, त्यामुळे आमची भांडणंही कमी झालीत.

यात एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते आणि ती मी कोणालाही सांगतो. आवाज होत नाही म्हणजे समोरच्याला कळत नाही, आणि कळत नाही म्हणजे त्याला नाही म्हणता येत नाही. पूर्वी कोणाला फोटो नको असला तर पहिल्या खटॅकला तो हात आडवा करायचा. सायलेंटमध्ये तो हात आडवा करणार कधी? म्हणून बायकांच्या खोलीत जायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईला विचारायचं, कॅमेरा दाखवायचा, हा वाजत नाही पण फोटो काढतो हे स्पष्ट सांगायचं, आणि एखादीने नको म्हटलं तर तिच्याकडे लेन्स वळवायची नाही. आमच्या धंद्यात हे बोललं जात नाही. बोललं पाहिजे. कॅमेरा जितका गप्प तितकं आपण जास्त बोललं पाहिजे असं माझं मत आहे.

अजून एक तांत्रिक गोष्ट, हॉलमध्ये काम करणाऱ्यांसाठी. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडच्या हॉलमध्ये आता सगळीकडे एलईडी, आणि बरेच एलईडी डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने मिचमिचतात. परिणाम, फोटोवर आडवे पट्टे. नवरीच्या शालूवर एक पट्टा उजळ, एक काळपट, आणि ते एडिटिंगमध्ये नीट निघत नाहीत. तेव्हा एलईडीच्या स्टेजवर सायलेंट नाही म्हणजे नाही. आणि वेगाने हलणाऱ्या गोष्टीलाही नाही, वाचेपर्यंत ती सरकलेली असते त्यामुळे वाकडी येते.

आता फोकस. इथे मी कसलाच आडपडदा न ठेवता सांगतो, मिररलेस फार फार पुढे आहे. डी ७५० ला ५१ फोकस पॉइंट आहेत, पण सगळे फ्रेमच्या मधल्या भागात गर्दी करून बसलेले. माणूस कडेला हवा असेल तर मध्ये फोकस मारायचा, बटण अर्धं दाबून धरायचं आणि मग कॅमेरा फिरवायचा, आणि लेन्सचं तोंड १.८ वर, म्हणजे खूप उघडं ठेवून असं केलं की डोळ्यावरचा फोकस सटकून कानावर जायचा. झेड सिक्स टू ला २७३ पॉइंट, जवळजवळ ९० टक्के फ्रेम व्यापणारे, आणि डोळा कुठेय ते तो स्वतः शोधतो. मुंडावळ्या डोळ्यांपुढे हलतायत, मध्ये अक्षता उडतायत, तरी बहुतेक वेळा डोळा धरून ठेवतो.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डीएसएलआरमध्ये फोटो घेणारा सेन्सर वेगळा आणि फोकस मोजणारा सेन्सर वेगळा. मोठ्या आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो, तो थोडा उजेड खाली कॅमेऱ्याच्या तळाशी पाठवतो आणि तिथे फोकस मोजला जातो. दोन वाटा आल्या की दोन्ही अगदी तंतोतंत सारख्या लांबीच्या असाव्या लागतात, केसभर फरक पडला, कॅमेरा कुठे आपटला, लेन्स जरा इकडेतिकडे असली, की फ्रंट फोकस नाहीतर बॅक फोकस, म्हणजे फोकस माणसाच्या पुढे नाहीतर मागे. म्हणून त्यात फाइन ट्यून नावाचा पर्याय द्यावा लागला, आम्ही स्टुडिओत टेबलावर पट्टी तिरकी ठेवून एकेक लेन्स कॅमेऱ्याशी जुळवायचो. मिररलेसमध्ये फोटो जिथे पडतो तिथेच फोकस मोजला जातो, म्हणून ती भानगडच संपली.

पण समोरच्या माणसाला याचा काय फायदा? हा की माझा चेहरा मोकळा झाला. डीएसएलआरवर मागची स्क्रीन चालू करून फोटो काढायला गेलं तर फोकस इतका रेंगाळायचा की लग्नात ते चालायचंच नाही, त्यामुळे दिवसभर कॅमेरा डोळ्याला चिकटलेला. समोरच्याला माझं तोंड दिसायचंच नाही, एक काळा डबा आणि त्यातून येणारा आवाज, "इकडे बघा, इकडे बघा." आता स्क्रीन वर उचलायची, कॅमेरा छातीपाशी धरायचा, आणि समोरच्या वडीलधाऱ्या जिभाऊंशी गप्पा मारत मारत फोटो. लहान पोरांसमोर तर मी जमिनीवर मांडी घालून बसतो, कॅमेरा मांडीत, पोरगं माझ्याकडे बघून हसतं, लेन्सकडे नाही, तरी त्याचे डोळे फोटोत अगदी टोकदार येतात. गेल्या काही वर्षांत माझ्या फोटोंमध्ये खरंच काही सुधारलं असेल तर ते हे. माणसं मला बघायला लागली.

अंधाराचं काठीच्या होळीत कळलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव, इथली राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल, आणि डोंगरातून माणसं येत राहतात, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, उघड्या अंगावर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं आणि वाळलेल्या दुधीभोपळ्यांची माळ. नाचताना ती घुंगरं आणि भोपळे एकदम वाजतात आणि तो आवाज छातीत बसतो. उजेड म्हणाल तर जवळजवळ नाहीच, कुठे एखादा बल्ब, कुठे मशाल, आणि होळी पेटल्यावर एकदम डोळे दिपवणारी आग. डीएसएलआरच्या काचेतून अंधार अंधारच दिसतो, जेवढा डोळ्याला तेवढाच, त्यामुळे फ्रेम अंदाजाने लावायची, आणि फोकस पुढे मागे जात राहायचा. झेड सिक्स टू च्या आतल्या स्क्रीनमध्ये तोच अंधार उजळून दिसतो, थोडा दाणेदार, थोडा लडखडत, पण टोपाखालचा चेहरा दिसतो. फ्लॅश मारायची गरज पडत नाही. त्या नाचात फ्लॅश मारणं मला आधीपासूनच पटत नव्हतं, रात्रभर व्रत पाळून नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात उजेड फेकायचा हक्क आपल्याला कोणी दिला? हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बॉडीमध्येच आहे त्यामुळे शटरचा वेग बराच खाली आणता येतो, आजूबाजूचे नाचणारे धूसर आणि मध्ये स्तब्ध उभा ढोलवाला स्पष्ट, असे फोटो हातात कॅमेरा धरून मिळतात.

सारंगखेड्याला मात्र मी डी ७५० काढतो. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा, घोड्यांचा मोठा बाजार, देशभरातून जनावरं येतात. घोडा पळवून दाखवतात, नाचवून दाखवतात, धुरळा असा की दहा फुटांवरचं दिसत नाही. एक तर झेड सिक्स टू कुत्र्या-मांजरांचे डोळे ओळखतो, घोड्याचे नाही. दुसरं म्हणजे पळत्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा असतो तेव्हा काचेतून जे दिसतं ते त्याच क्षणाचं असतं, कुठलाही उशीर नाही. झेड सिक्स टू सेकंदाला १४ फ्रेम काढतो हे खरं, डी ७५० फक्त साडेसहा, पण त्या १४ च्या वेगात आतल्या स्क्रीनवर आत्ताचं नाही, नुकत्याच काढलेल्या फोटोंची मालिका दिसत राहते, आणि घोड्याने अचानक मान वळवली की आपण मागे राहतो. साडेसहा फ्रेममध्ये घोडा माझ्या फ्रेममधून सुटत नाही, मला तेच बरं पडतं. नवीन महागड्या बॉड्यांमध्ये हे सगळं सुटलंय, तो भाग वेगळा, मी माझ्याजवळच्या दोघांबद्दल सांगतोय.

आणि धुरळा. मिररलेसची लेन्स काढली की माझ्या बॉडीत सेन्सर समोर उघडा, जणू दार उघडं टाकलेलं घर. डीएसएलआरमध्ये मध्ये आरसा आणि पडदा असतो. यात्रेत लेन्स बदलायची असेल तर गाडीत बसून, काचा वर करून, नाहीतर नाहीच. मिररलेसवाल्यांनी खान्देशात ब्लोअर खिशात ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये, विशेषतः चैत्र-वैशाखात वावटळी उठतात तेव्हा.

उन्हाचंही तसंच. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपली लग्नं नेमकी तेव्हाच, दुपारी टाळी लागायची, म्हणजे लग्न लागायची वेळ. मिररलेसचा सेन्सर आणि स्क्रीन कॅमेरा चालू असेपर्यंत चालूच, त्यामुळे बॉडी लवकर गरम होते आणि बॅटरी भराभर खाली येते. कंपनीच्या मोजणीत डी ७५० एका बॅटरीत १२३० फोटो देतो, झेड सिक्स टू आतल्या स्क्रीनवरून ३४०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त चालतात पण फरकाचं प्रमाण कळायला हे आकडे पुरेसे आहेत. पूर्वी एका बॅटरीवर हळद आणि लग्न दोन्ही निघायचं, आता बॅगेत बॅटऱ्यांची पुडकी. सुदैवाने दोघांची बॅटरी एकाच जातीची, जुनी नव्यात बसते, आणि नवी बॅटरी घातलेली असेल तर पॉवर बँकवरूनही चार्ज होते, लाइट गेलेल्या गावात हा मोठा आधार. उन्हात मिररलेसचा एक फायदाही आहे, काढलेला फोटो डोळ्याला लावूनच बघता येतो. डीएसएलआरवर भर उन्हात मागच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही, टॉवेल डोक्यावर घेऊन बघायला लागायचं.

लेन्सांचं जरा सांभाळून. निकॉनचं एफ माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स बसते ती जागा, १९५९ पासूनचं, त्यात सेन्सरपासून माउंटचं अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर, कारण मध्ये आरशाला हलायला जागा हवी. झेडमध्ये हे अंतर फक्त १६ मिलिमीटर. मधली जागा निकॉनच्या ॲडॉप्टरने भरून निघते आणि मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सा छान चालतात. पण माझी जुनी ५० एमएम १.८ डी, जिच्यात स्वतःची मोटर नाही, जिला बॉडीतला स्क्रू फिरवून फोकस करावा लागतो, ती त्या ॲडॉप्टरने झेडवर ऑटोफोकस करतच नाही. लेन्स एकदम ठणठणीत, त्यावर मी कितीतरी जणांचे चेहरे काढलेत, आणि ती आता फक्त डी ७५० वर जगते. सेकंडहँड घेताना पोरांनी हे नक्की बघावं, स्वस्त मिळतेय म्हणून डी लेन्स उचलायची आणि मग झेडवर हाताने फोकस करत बसायचं, असं होऊ नये.

फोटोच्या दर्जाबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्ही फुलफ्रेम. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये शेजारी शेजारी छापले तर मला स्वतःला सांगता येत नाही कुठला कशावरचा, आणि पाटलांच्या घरी तर कोणी विचारणारही नाही. फरक आहे तो हातातून निसटलेल्या फोटोंचा. मिररलेसवर कमी निसटतात. लग्नात टाळी एकदाच लागते, बापाच्या डोळ्यात पाणी एकदाच येतं, त्यामुळे या धंद्यात ती एक गोष्ट पैसे वसूल करून देते.

चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं कलादालन आहे, फोटोग्राफी करणाऱ्या खान्देशातल्या प्रत्येकाने एकदा तरी जाऊन यावं. १९८९ साली ते गेले. आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ न पडता त्यांनी काम केलं, आणि त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी बघून माणूस चकित होतो, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून, त्यांनी अख्खे देखावे उभे केले. लोक त्यांचं उदाहरण देऊन म्हणतात, बघा, कॅमेऱ्याने काही होत नाही. मला ते अर्धंच पटतं. मूस यांच्या टेबलावरची वस्तू हलत नव्हती, लाजत नव्हती, श्वास धरत नव्हती, हवा तितका वेळ त्यांची वाट बघत होती. आमच्यासमोर माणूस असतो आणि त्याला घाई असते, संकोच असतो, मधूनच कोणीतरी हाक मारतं. तिथे कॅमेरा कसा वागतो याने फरक पडतो. मात्र त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे, एका फ्रेमसाठी उजेडाजवळ किती वेळ बसायचं ती. ती दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखीच लागू होते.

गंमत वाटेल अशी पण खरी अडचण, कॅमेऱ्याचा आकार. झेड सिक्स टू बॉडी ६१५ ग्रॅम, डी ७५० साडेसातशे, हातात घेतल्यावर फरक जाणवतोच, आणि बघणाऱ्याला तर फारच. मोठ्या घरचं लग्न असलं की कोणीतरी काका येऊन विचारतातच, "भाऊ, मोठा कॅमेरा नाही आणला का?" त्यांना समजावून सांगायला मला आवडतं आणि मी सांगतोही, पण ते ज्या आपुलकीने विचारतात तेही मला कळतं, आपल्या घरच्या कार्याला मान मिळावा एवढंच त्यांचं म्हणणं असतं. स्टेजवरच्या ग्रुप फोटोंना मग डी ७५० वर मोठा फ्लॅश लावतो. आवाजही होतो, उजेडही पडतो, वीस जणांना एकदम कळतं की झालं, आणि वरण-बट्टीच्या पंगतीकडे मंडळी मोकळ्या मनाने निघतात. या एका कामात मला डीएसएलआर आजही उजवा वाटतो.

शिकणाऱ्या पोरांना मी काय सांगतो? बजेट कमी असेल तर चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर घ्या, सगळे मिररलेसकडे पळतायत त्यामुळे किमती खाली आल्यात, ५० एमएम लेन्स लावा आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात राहा. माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या झाडाला झोका बांधून उंच उंच जातात, त्यांना विचारून, ओळख काढून फोटो काढा, झोक्याची लय पकडायला काचेतून शिकता येतं तसं स्क्रीनवरून लवकर येत नाही. आणि पोटापाण्यासाठी लग्नं करायची असतील तर कर्ज काढण्याआधी एक सीझन भाड्याने मिररलेस घेऊन बघा, मग ठरवा.

माझा भाचा यंदापासून माझ्याबरोबर येतो, डी ७५० आता बहुतेक वेळ त्याच्याच गळ्यात असतो. त्याला पहिल्या दिवशी मी शटर स्पीड-बिड काही शिकवलं नाही, एवढंच सांगितलं की आधी विचारायचं, मग वाजवायचं, आणि वाजल्यावर कॅमेरा लगेच खाली घ्यायचा नाही. त्या बॉडीचं शटर कंपनीने दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं आहे आणि आमचं त्याच्या पुढे गेलंय. बंद पडलं तर नवीन शटर टाकून घेणार, पार्ट मिळतोय तोवर. तेवढ्यासाठी मी पैसे बाजूला काढून ठेवलेत.